चारशे पट दिसलं, पण आहे केवढं?

प्रश्न असा आहे: 'मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड केली, जर्नलमध्ये आकृती काढली आणि खाली ४००एक्स लिहिलं. तोंडी परीक्षेत विचारलं, ही पेशी केवढी आहे? मी म्हणालो, चारशे पट. सगळे हसले. पेशीचा खरा आकार काढायचा कसा? मायक्रॉन, मायक्रोमीटर, नॅनोमीटर, अँगस्ट्रॉम यांत फरक काय? आणि ऑनलाइन २०००एक्सचा सूक्ष्मदर्शक स्वस्तात मिळतोय, तो घेऊ का?'

हसणाऱ्यांपैकी किती जणांना उत्तर येत होतं, हे मला बघायला आवडलं असतं. मी आधी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आणि मग डीएमएलटीच्या, म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञांच्या पदविकेच्या, वर्गांवर, अशी मिळून एकतीस वर्षं सूक्ष्मदर्शकापाशी काढली. 'केवढं आहे?' असं विचारल्यावर 'फॉर्टी एक्सला बघितलंय मॅडम' असं सांगणारे एम.एस्सी. झालेलेही भेटले. तेव्हा फार मनाला लावून घेऊ नका.

'४०० पट' ही तुमच्या यंत्राची त्या क्षणाची जोडणी झाली. आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, १०चा; ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नमुन्याजवळचं भिंग, ४०चं; गुणाकार ४००. त्या जोडणीखाली कांद्याची पेशीही ४०० पट दिसते आणि पाण्याच्या थेंबातून चुकून आलेला जिवाणूही ४०० पटच दिसतो. वस्तूबद्दल त्यातून काहीच कळत नाही. त्यात तुम्ही जर्नलमध्ये पेन्सिलीने वीतभर पेशी काढली, म्हणजे त्या ४००शी उरलासुरला संबंधही संपला. मोबाइलने फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि कुणी दोन बोटांनी ताणून पाहिला, तरी तेच. म्हणून शास्त्रीय छायाचित्रांच्या कोपऱ्यात एक छोटी रेघ असते आणि तिच्यावर '१० मायक्रोमीटर' असं काहीतरी लिहिलेलं असतं. फोटो ताणला की रेघही तेवढीच ताणली जाते, त्यामुळे ती कधी खोटी पडत नाही.

आधी एककांचा घोळ मिटवू, तो सोपा आहे. मिलिमीटरचा हजारावा भाग मायक्रोमीटर. मायक्रोमीटरचा हजारावा भाग नॅनोमीटर. नॅनोमीटरचा दहावा भाग अँगस्ट्रॉम. हे नाव स्वीडनच्या अँडर्स अँगस्ट्रॉम या शास्त्रज्ञावरून पडलं, आणि अणू-रेणूंच्या अंतरांसाठी ते अजून वापरात आहे. मायक्रॉन आणि मायक्रोमीटर मात्र एकच. 'मायक्रॉन' हे नाव वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९६७ साली अधिकृत यादीतून काढून टाकलं. लोकांनी ते सोडलं नाही. प्रयोगशाळेत आम्ही मायक्रॉनच म्हणतो, पाण्याच्या फिल्टरवर मायक्रॉनच छापतात, आणि मंडईतल्या भाजीवाल्या मावशींनाही पिशवी किती मायक्रॉनची हवी हे माहीत असतं, कारण डिसेंबर २०२२च्या अखेरीपासून प्लास्टिकच्या पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन झाली. जर्नलमध्ये मायक्रोमीटर लिहा, बोलताना खुशाल मायक्रॉन म्हणा. मीही पुढे तेच म्हणणार आहे.

त्याला आणखी एक कारण आहे. मराठीत 'मायक्रोमीटर' हा शब्द तीन ठिकाणी येतो. लांबीचं एकक मायक्रोमीटर, वर्कशॉपमधलं तारेची जाडी मोजायचं स्क्रूचं उपकरणही मायक्रोमीटर, आणि आयपीसमध्ये बसवायची काचेची बारीक पट्टी तीही मायक्रोमीटरच. दरवर्षी एखादी तरी मुलगी 'मायक्रोमीटरने मायक्रोमीटर मोजला' असं लिहायचीच, आणि त्यात चूक म्हणून काढता येत नसे.

मायक्रोची खूण म्हणजे ग्रीक म्यू हे अक्षर. घाईच्या हस्ताक्षरात ते इंग्रजी एमसारखं दिसतं, आणि मायक्रोग्रॅमचा मिलिग्रॅम होतो. औषधाच्या बाबतीत ही चूक हजारपटीची. म्हणून दवाखान्यात मायक्रोग्रॅमसाठी म्यू न काढता 'एमसीजी' लिहायला सांगतात. तुम्हीही म्यूची सुरुवातीची शेपटी ठळक खाली ओढायची सवय लावा.

हे आकडे डोळ्यांपुढे यावेत म्हणून मी वर्गात एक खेळ करायचे. सगळं जग हजारपट मोठं करायचं, म्हणजे एका मायक्रॉनचा एक मिलिमीटर. ऑईल इमर्शनखाली, म्हणजे तेलाच्या थेंबात टेकवायच्या १००च्या ऑब्जेक्टिव्हखाली, तुम्ही साधारण हेच करत असता. आता रक्तातली लाल पेशी सात-साडेसात मायक्रॉनची, म्हणजे ती हरभऱ्याच्या दाण्याएवढी झाली. क्षयाचा जंतू दोन ते चार मायक्रॉन लांब, म्हणजे तिळाएवढा, पण तिळापेक्षा खूप सडपातळ. डोक्याचा केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड, तो आता खलबत्त्यातल्या बत्त्यापेक्षाही जाड. तुमच्या कांद्याची पेशी लांबीला दोनशे-तीनशे मायक्रॉन सहज असते, तिला शाळेची फूटपट्टी समजा. आणि करोनाचा विषाणू शंभर नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हजारपट करूनही एका मिलिमीटरचा दहावा भाग. रव्याचा कणही त्याच्यापुढे धोंडा. हे चित्र एकदा डोक्यात बसलं की पेशीचा आकार ३ मायक्रॉन आला तर हात आपोआप थांबतो आणि दशांशचिन्ह कुठे घसरलं ते शोधायला लागतो.

जाता जाता एक गंमत. घरातल्या कुणाचा तरी रक्ताचा सीबीसी रिपोर्ट काढून बघा. त्यात एमसीव्ही म्हणून एक आकडा असतो, साधारण ८० ते १०० फेम्टोलीटर. हे नाव ऐकून मुलं बिचकतात. एक फेम्टोलीटर म्हणजे बरोबर एक घन मायक्रॉन, एक मायक्रॉन लांब-रुंद-उंच अशी डबी. तुमच्या एका लाल पेशीत अशा नव्वदेक डब्या मावतात, एवढंच तो रिपोर्ट सांगतो.

आता मोजण्याकडे. सूक्ष्मदर्शक आला तेव्हा त्याच्यासोबत पट्टी आली नव्हती. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात कप्पे पाहिले आणि त्यांना 'सेल' म्हटलं, हे तुम्ही शाळेत शिकलात. त्याने ते मोजलेही, हे सहसा कुणी शिकवत नाही. त्याची पद्धत अशी की एक डोळा सूक्ष्मदर्शकाला लावायचा आणि दुसऱ्या उघड्या डोळ्याने शेजारी ठेवलेल्या पट्टीकडे बघायचं. दोन्ही चित्रं मेंदूत एकमेकांवर पडतात आणि मोठी दिसणारी वस्तू पट्टीवर वाचता येते. करून बघा, पाचेक मिनिटं डोकं गरगरतं आणि मग जमतं. बुचात त्याला एका इंचाच्या अठराव्या भागात साधारण ६० कप्पे दिसले. म्हणजे इंचाला १०८०. तिथून त्याने घन इंचात १,२५,९७,१२,००० कप्पे असा हिशेब मांडला. हा आकडा बघून दचकू नका, तो फक्त १०८०चा घन आहे. आपल्या कामाचं एवढंच की इंचाचे २५,४०० मायक्रॉन भागिले १०८० केले तर एक कप्पा साडेतेवीस मायक्रॉनचा येतो. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं, तेलाच्या दिव्याच्या उजेडातलं हे माप आजही बुचाच्या पेशीला शोभण्यासारखं आहे.

हूकने एक कप्पा मोजला नाही. साठ मोजले आणि भागले. एका पेशीची कड कुठे संपते यावर आपलं नेहमी दुमत होतं, पण साठ पेशींच्या रांगेत ती चूक साठात वाटली जाते. भास्कराचार्यांच्या लीलावतीत आठ यवांच्या रुंदीला एक अंगुल धरलंय, तेही याच शहाणपणातून. एक जवाचा दाणा जाड असेल, एक बारीक, आठ शेजारी ठेवले की उन्नीस-बीस मिटतं.

त्याच काळात हॉलंडमध्ये डेल्फ्टला लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी एकाच चिमुकल्या भिंगातून हूकपेक्षाही बारीक गोष्टी पाहत होता. त्याने वाळूचा कणच माप म्हणून धरला. रक्तातला गोळा वाळूच्या बारीक कणापेक्षा २५,००० पटींनी लहान, असं त्याने लिहून ठेवलं. ही पट आकारमानाची आहे. लांबीसाठी घनमूळ काढा, २९ येतं. बारीक वाळूचा कण पाव मिलिमीटरचा धरला तर लाल पेशी साडेआठ मायक्रॉनच्या आसपास जाते. खऱ्या मापापासून फारशी लांब नाही! शेजारच्या ओळखीच्या वस्तूशी तुलना करायची त्याची ही रीत पॅथॉलॉजिस्ट आजही वापरतात, फक्त वाळूच्या जागी लाल पेशी आली. रक्ताच्या स्लाइडवर लहान लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशीचं केंद्रक आणि नॉर्मल लाल पेशी जवळपास सारख्या आकाराची असते. लाल पेशी त्याहून लहान दिसायला लागल्या की लोह कमी पडतंय का हे बघायचं, असं आम्ही पट्टी न लावता नजरेने ठरवतो.

तुमच्या कांद्यासाठी मात्र वाळू नको आणि रक्तही नको. तुमच्या आयपीसवर बघा, '१०एक्स' च्या शेजारी १८ किंवा २० असा एक आकडा कोरलेला असेल. त्याला फील्ड नंबर म्हणतात. तो ऑब्जेक्टिव्हच्या आकड्याने भागला की तुम्हाला दिसणाऱ्या गोल क्षेत्राचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. १८चा आयपीस असेल तर ४च्या ऑब्जेक्टिव्हखाली साडेचार मिलिमीटर, १०च्या खाली १.८, ४०च्या खाली ०.४५ आणि १००च्या खाली ०.१८. आकडा कोरलेला नसेल तर पारदर्शक प्लास्टिकची पट्टी ४च्या ऑब्जेक्टिव्हखाली ठेवून मिलिमीटरच्या खुणा मोजा आणि बाकीचे व्यास त्रैराशिकाने काढा. पट्टी ४०च्या खाली ठेवून उपयोग नाही, कारण तिच्यावरची छापील रेघच एवढी जाड असते की अर्धं क्षेत्र तीच खाते.

मग १०च्या ऑब्जेक्टिव्हखाली कांद्याच्या पेशी टोकाला टोक लावून व्यासावर किती बसतात ते मोजा. सहा बसल्या तर १८०० भागिले ६, म्हणजे ३०० मायक्रॉन. पाच वेगवेगळ्या जागी मोजून सरासरी घ्या. ४०च्या खाली हे करू नका. तिथे क्षेत्रच ४५० मायक्रॉनचं, एक-दीड पेशी मावते, आणि मग अंदाजाशिवाय हाती काही लागत नाही. तुमची मूळ चूक खरं तर इथेच झाली. कांद्याच्या पेशीला ४००एक्सची गरजच नव्हती.

एवढ्याने तोंडी परीक्षा निभावेल. पण कामासाठी मोजायचं तर पट्टीच हवी, आणि तीही दोन.

एक पट्टी आयपीसच्या आत बसते. गोल काच, तिच्यावर १०० भाग. या भागांना स्वतःची किंमत नसते, ती नुसती घरं आहेत. दुसरी पट्टी स्लाइडवर कोरलेली असते, तिला स्टेज मायक्रोमीटर म्हणतात. तिच्यावर एका मिलिमीटरचे १०० भाग, म्हणजे प्रत्येक भाग १० मायक्रॉन, आणि ही किंमत पक्की. स्टेजवरची पट्टी फोकस करा, आयपीस फिरवून दोन्ही पट्ट्या समांतर आणा, डावीकडच्या शून्य रेघा एकमेकींवर बसवा आणि उजवीकडे सरकत दोन्हींच्या रेघा पुन्हा कुठे तंतोतंत जुळतात ते शोधा. समजा १०च्या ऑब्जेक्टिव्हखाली आयपीसचे ५० भाग स्टेजच्या ४९ भागांशी जुळले. ४९० मायक्रॉन भागिले ५०, एका घराची किंमत ९.८ मायक्रॉन. ४०च्या खाली ४१ भाग १० भागांशी जुळले, तर १०० भागिले ४१, म्हणजे २.४४. ऑईल इमर्शनखाली ५१ भाग ५ भागांशी जुळले, तर ०.९८. तिन्ही आकडे एकमेकांशी मेळ खातात की नाही हेही लगेच बघून घ्यायचं. १०च्या खालची किंमत चारने भागली की ४०च्या खालच्या किमतीजवळ आली पाहिजे. नाही आली तर कुठेतरी रेघा मोजायला चुकलात.

स्टेजवरची पट्टी मग कपाटात ठेवायची आणि तिच्या जागी खरी स्लाइड लावायची. लाल पेशी ४०च्या खाली ३ घरं व्यापते, ३ गुणिले २.४४, म्हणजे ७.३ मायक्रॉन. यात एक खोच आहे. घराच्या रेघांमधलं अर्धं घर आपण डोळ्याने अजमावतो, आणि अर्धं घर म्हणजे इथे सव्वा मायक्रॉन. सात मायक्रॉनच्या वस्तूत सव्वा मायक्रॉनची चूक फार झाली. तीच पेशी ऑईलखाली साडेसात घरं घेते आणि अर्ध्या घराची चूक अर्ध्या मायक्रॉनवर येते. आणि म्हणून कॅल्क्युलेटरवर ७.३१७०७ आलं तरी ७.३च लिहायचं. पुढचे आकडे कॅल्क्युलेटरचे आहेत, तुमच्या डोळ्याचे नाहीत.

एका घराची किंमत ही त्या सूक्ष्मदर्शकाची, त्या ऑब्जेक्टिव्हची आणि त्या आयपीसमधल्या पट्टीची मिळून असते. हे मी पोटतिडकीने सांगते, कारण यात मी स्वतः तोंडघशी पडले आहे. नोकरीला लागून तिसरं वर्ष असेल. मलाच्या तपासणीत एन्टअमिबा हिस्टोलिटिका या आमांशाच्या अमिबाच्या गाठी, म्हणजे कवचातले अमिबा (सिस्ट), एकाएकी जास्त सापडायला लागल्या. एका आठवड्यात चार रिपोर्ट मीच दिले. या अमिबाचा एक निरुपद्रवी भाऊबंद आहे, एन्टअमिबा हार्टमनी. दिसायला हुबेहूब, फरक मुख्यतः आकाराचा. हिस्टोलिटिकाची गाठ १० मायक्रॉनच्या वर, २०पर्यंत, आणि हार्टमनीची १०च्या आत. माझ्या टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाला किमतींचं कार्ड चिकटवलेलं होतं, ४०च्या ऑब्जेक्टिव्हला एक घर अडीच मायक्रॉन. गाठी ६ घरांच्या, म्हणजे १५ मायक्रॉन, म्हणजे हिस्टोलिटिका. मी बिनधास्त.

आमच्या वरिष्ठ मॅडमना शंका आली ती एवढ्यावरून की रुग्णांना त्रास होत नव्हता. त्यांनी काही न बोलता स्टेज मायक्रोमीटर आणून माझ्यापुढे ठेवला. घराची किंमत निघाली सव्वा मायक्रॉन. झालं असं होतं की साफसफाईच्या वेळी दोन यंत्रांचे आयपीस अदलाबदल झाले. माझ्या मूळ आयपीसमध्ये १० मिलिमीटरचे १०० भाग असलेली पट्टी होती, आता आलेल्या आयपीसमध्ये ५ मिलिमीटरचे १०० भाग. बाहेरून दोन्ही सारखेच दिसणारे. माझ्या १५ मायक्रॉनच्या गाठी साडेसात मायक्रॉनच्या होत्या. चारही रिपोर्ट मागे घेऊन रुग्णांच्या डॉक्टरांना मी स्वतः फोन केले. दोघांना औषधं सुरू झाली होती. त्या दिवसापासून मी कार्डावर आयपीसचा क्रमांकही लिहायला लागले, आणि आयपीसच्या कडेला नेलपॉलिशचा ठिपका.

आणखी एक बारकावा जुन्या दुहेरी नळीच्या सूक्ष्मदर्शकांचा. त्यांतल्या काहींत डोळ्यांमधलं अंतर जुळवायला नळ्या सरकवल्या की आतली नळीची लांबीही थोडी बदलते, आणि तिच्यासोबत विवर्धन बदलतं. तुमच्या कॉलेजात तसा जुना नग असेल तर मोजणाऱ्यानेच किंमत काढावी, मैत्रिणीने काढलेली वापरू नये.

आकाराने काय साधतं याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण सिकंदराबादचं आहे. २० ऑगस्ट १८९७. रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर मलेरियाच्या रुग्णाचं रक्त प्यालेल्या डासाचं पोट सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होता. घामाने यंत्राचे स्क्रू गंजलेले, उरलेला एकच आयपीस आणि तोही तडकलेला. पोटाच्या पेशींमध्ये त्याला एक स्वच्छ, जवळजवळ गोल कड दिसली, साधारण १२ मायक्रॉन व्यासाची. डासाच्या पोटाच्या पेशीसाठी ती फार लहान होती आणि कड फार रेखीव होती. म्हणजे हे डासाचं नाही, दुसऱ्या कुणाचं तरी आहे. आत मलेरियाच्या जंतूत सापडतात तसे काळे कण होते. दुसऱ्या दिवशी त्याने उरलेला डास फाडला, तर त्यातल्या गोल पेशी आदल्या दिवशीपेक्षा मोठ्या झालेल्या. वाढतंय म्हणजे जिवंत आहे. डासाच्या अंगात मलेरियाचा जंतू वाढतो, हे कोडं तिथे सुटलं. त्याने जर नुसतं 'हाय पॉवरला गोल पेशी दिसली' असं लिहून ठेवलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तुलना कशाशी करणार होता?

कॉलेजात स्टेज मायक्रोमीटर नसेल, किंवा असेल आणि कपाटाची किल्ली मिळत नसेल, तर एक युक्ती सांगते. रक्तपेशी मोजायची न्यूबावर चेंबर बहुतेक प्राणिशास्त्राच्या आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागात असते. तिच्या मधल्या चौकातला सगळ्यात छोटा चौकोन मिलिमीटरच्या विसाव्या भागाचा, म्हणजे बरोबर ५० मायक्रॉन बाजूचा असतो. ही आयती पट्टी झाली. चेंबर रिकामी ठेवा, तिची जाड काच लावू नका, आणि १० व ४०च्या ऑब्जेक्टिव्हखाली तिच्या रेघांवर आयपीसची घरं बसवा. ऑईल इमर्शन मात्र तिच्यावर अजिबात वापरायचं नाही. चेंबर जाड आणि महाग, आणि ऑब्जेक्टिव्हचं टोक त्याहून महाग.

मोबाइलने फोटो काढत असाल तर हीच गोष्ट फोटोत करा. मोबाइल क्लॅम्पमध्ये बसवून आधी मोजपट्टीचा फोटो, मग त्याच क्लॅम्पमध्ये, झूम न बदलता, नमुन्याचा फोटो. पहिल्या फोटोवरून एका मायक्रॉनला किती पिक्सेल येतात ते काढलं की इमेजजे नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या फोटोवर रेघ छापता येते.

आता २०००एक्सचं. घेऊ नका.

का, ते ऑब्जेक्टिव्हवर कोरलेल्या दुसऱ्या आकड्यात आहे. ४च्या ऑब्जेक्टिव्हवर ०.१०, १०च्या वर ०.२५, ४०च्या वर ०.६५ आणि १००च्या वर १.२५ लिहिलेलं असतं. हा न्यूमेरिकल अॅपर्चर, भिंग किती रुंद कोनातला प्रकाश पकडतं त्याचं माप. जर्मनीत येनाला कार्ल झाइसच्या कारखान्यात काम करणाऱ्या अर्न्स्ट अॅबेने १८७३ साली दाखवलं की दोन ठिपके वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात किमान अंतर लागतं, आणि ते अंतर म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी भागिले या आकड्याची दुप्पट. येनाला त्याच्या स्मारकावर हे सूत्र कोरलंय. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर धरा. ४०च्या ऑब्जेक्टिव्हसाठी ५५० भागिले १.३, साधारण ०.४२ मायक्रॉन. ऑईल इमर्शनसाठी ५५० भागिले २.५, म्हणजे ०.२२ मायक्रॉन. याहून जवळचे दोन ठिपके एकच दिसणार, मग तुम्ही कितीही मोठं करा.

आपला डोळा पंचवीस सेंटिमीटरवरून मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंतचं वेगळेपण ओळखतो. ०.२२ मायक्रॉन तिथवर न्यायला साडेचारशे पट पुरतात, डोळ्याला ताण नको म्हणून हजार पट. आमचा ढोबळ नियम असा की न्यूमेरिकल अॅपर्चरच्या हजारपटीपुढे जाऊ नये, म्हणजे १.२५ला १२५०. विक्रेता २०चा आयपीस लावून १००च्या ऑब्जेक्टिव्हचे २००० पट करून देतो. खोटं बोलत नाही तो, पण चित्र फक्त फुगतं. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरला की ठिपकेच मोठे दिसतात, चेहरा अधिक स्पष्ट होत नाही, तसं. यूएसबीच्या छोट्या सूक्ष्मदर्शकांवर १६००एक्स छापलेलं असतं त्याचं तर विचारूच नका. तिथे पडद्याची रुंदीही गुणाकारात धरलेली असते, मोठा टीव्ही लावला की आणखी वाढेल. ०.२२च्या खाली उतरायचा एक मार्ग म्हणजे प्रकाशच बदलणं. रुस्का आणि क्नॉल यांनी १९३१ साली बर्लिनमध्ये इलेक्ट्रॉन वापरून त्याची सुरुवात केली, पण ते घरी घ्यायचं यंत्र नव्हे.

घ्यायचाच असेल तर अंबाल्याकडे तयार होणारा साधा विद्यार्थी सूक्ष्मदर्शक बघा. ४, १० आणि ४० एवढी तीन ऑब्जेक्टिव्ह पुरेत, स्टेजखाली कंडेन्सर (प्रकाश एकवटणारं भिंग) आणि प्रकाश कमीजास्त करणारा पडदा असावा, आणि फाइन फोकसचा स्क्रू फिरवून सोडल्यावर चित्र आपोआप खाली घसरत नाही ना हे दुकानात उभं राहून पाहावं. ४०च्या ऑब्जेक्टिव्हवर ०.१७ असंही कोरलेलं असेल, ती कव्हरस्लिपची, म्हणजे नमुन्यावर झाकायच्या पातळ काचेची, मिलिमीटरमधली जाडी. पापुद्र्यावर कव्हरस्लिप न टाकता ४० लावलं की चित्र धुरकट येतं आणि मुलं भिंगाला दोष देतात. आणि कृपा करून ४०ला तेलात बुडवू नका, ते कोरडं ऑब्जेक्टिव्ह आहे. उरलेल्या पैशांतून आयपीसची पट्टी घ्या, ती सुट्टी मिळते.

जर्नलमधल्या आकृतीखालचं '४००एक्स' खोडा. पेशीखाली एक आडवी रेघ काढा. पेशी ३०० मायक्रॉनची निघाली आणि तुम्ही ती कागदावर १२ सेंटिमीटर काढली असेल, तर १०० मायक्रॉनची रेघ ४ सेंटिमीटरची येते. तिच्यावर '१०० मायक्रोमीटर' लिहा आणि शेजारी 'पाच क्षेत्रांची सरासरी, १०च्या ऑब्जेक्टिव्हखाली' एवढं टाका. पुढच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक त्या रेघेवर बोट ठेवून 'ही कशी काढलीस?' असं विचारतील. तेव्हा साठ कप्प्यांची गोष्ट सांगा.